टोकियोत जुन्या रेकॉर्ड: दोन अर्धे दिवस, ४०,००० येन. कुठे जावं, कसं पारखावं, घरी कसं आणावं?

साइड_बी (ठाणे पश्चिम)
मदत हवी आहे. भाऊबीज उरकली की नोव्हेंबरच्या मध्यावर सहकुटुंब टोकियोला जातोय. सात रात्री, मुक्काम शिंजुकुला. रेकॉर्डच्या दुकानांसाठी घरातून दोन अर्धे दिवस मंजूर झालेत, त्यातला एक मुलांना सोबत घेऊन. बजेट ४०,००० येन. मुख्य शोध १९५०-६० च्या दशकांतल्या जॅझचा, थोडं जपानी पॉप, आणि मिळालं तर हिंदुस्थानी शास्त्रीय व नाट्यसंगीत. जपानी एक अक्षर येत नाही. कुठल्या भागात जाऊ, माल कसा पारखू, टॅक्स फ्रीचं काय, आणि तीसेक एलपी न मोडता घोडबंदर रोडपर्यंत कशा आणू? शिवाय तिकडून जुना टर्नटेबल उचलावा का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

उपवन३३
आधी नाट्यसंगीत यादीतून काढा. बहुतेक मराठी रेकॉर्ड ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघाल्या आणि इथेच विकल्या गेल्या. त्या मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर शोधायच्या, टोकियोच्या शिबुयात नाही. हिंदुस्थानी शास्त्रीयसाठी वर्ल्ड म्युझिकचा कप्पा असतो, त्यात नॉनसच या अमेरिकन कंपनीच्या एक्सप्लोरर मालिकेतल्या सतार-सरोदच्या रेकॉर्ड दिसल्या तर दिसल्या. त्यासाठी वेगळी फेरी करू नका.

जॅझसाठी एकच जागा निवडायची तर ओचानोमिझु. तिथे डिस्क युनियन या रेकॉर्ड दुकानांच्या साखळीचं जॅझ टोकियो नावाचं फक्त जॅझचं दुकान आहे. शिंजुकुहून चुओ रॅपिड ट्रेन पकडली की दहा मिनिटांत पोचता. डिस्क युनियनची गंमत अशी की एकाच भागात त्यांची चार-पाच दुकानं असतात आणि प्रत्येकाचा प्रकार वेगळा. शिंजुकुत तर मजल्यागणिक बदलतो. नकाशावर नुसतं 'डिस्क युनियन' टाकून पहिल्या ठिपक्याकडे धावलात तर हेवी मेटलच्या कप्प्यांपुढे उभे राहाल. पुढे 'जॅझ' टाका.

मुलांसोबतच्या दिवशी किचिजोजी. स्टेशनजवळ डिस्क युनियन आणि कोकोनट्स डिस्क दोन्ही आहेत, आणि इनोकाशिरा पार्क चालत पाच-सात मिनिटांवर. मंडळी बागेत तळ्यावर, तुम्ही कप्प्यांत. जपानी पॉप तिथेच बघा.

शिबुयात टॉवर रेकॉर्ड्सचा सहावा मजला आणि उदागावाचोमधलं एचएमव्ही रेकॉर्ड शॉप, दोन्ही बघण्यासारखी आहेत. पण तिथे गर्दी जास्त आणि नव्या छपाईच्या रेकॉर्डही बऱ्याच. ४०,००० येनांचं बजेट तिथे चटकन संपतं. दुकानं साधारण अकरा-बाराशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे 'सकाळी उरकून घेतो' असं घरी कबूल करू नका.

सानपाडा साइडिंग
पारखण्याबद्दल. जुन्या रेकॉर्डच्या बाहेरच्या पिशवीवर चिठ्ठी असते. तिच्यावर किंमत आणि अवस्थेची इंग्रजी अक्षरं, तबकडीची वेगळी आणि कव्हरची वेगळी: ए, बी, सी. बाकी मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचता येतो, पण चार शब्द पाठ असले की हात भराभर चालतो. 'ओबी-त्सुकी' म्हणजे कव्हरच्या डाव्या कडेची कागदी पट्टी शाबूत आहे. 'किझु' म्हणजे चरा. 'सोरी' म्हणजे तबकडी वाकलेली. 'मिहोनबान' म्हणजे विक्रीसाठी नसलेली नमुना प्रत. ती बहुधा पहिल्या छपाईतली असते, म्हणून महाग.

पिशवी स्वतः फोडायची नाही. काउंटरवर नेऊन म्हणायचं, "केनबान ओनेगाइशिमासु", म्हणजे तबकडी तपासायची आहे. बहुतेक ठिकाणी काढून दाखवतात. ऐकून बघायचं असेल तर "शिचो देकिमासु का?" पाच-सहा रेकॉर्ड एकदम घेऊन जा, एकेकीसाठी फेऱ्या मारू नका.

हातात आली की तबकडी दिव्याखाली आडवी धरून हळूहळू कलती करा. समोरून काळीभोर, चकचकीत दिसणारी तबकडी कलती केल्यावर केसासारख्या रेघांनी भरलेली निघू शकते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल फिरणाऱ्या बारीक रेघा म्हणजे कागदी कव्हरातून आत-बाहेर करताना पडलेल्या, त्या बहुधा ऐकू येत नाहीत. खोबणींना काटकोनात छेदणारा चरा 'टक' वाजतो, आणि ३३⅓च्या गतीला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे दर १.८ सेकंदांनी टक. ते एकवेळ सोसवतं. सर्वांत वाईट चरा खोबणीच्या बाजूने तिरका जाणारा. त्यात सुई अडकते किंवा उडी मारते. मग मधल्या भोकाभोवती लेबलवर बघा. तिथे रेघोट्यांचा पसारा असेल तर रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे आणि ती निष्काळजी हातांनी चढवलेली आहे. शेवटी कड डोळ्यांच्या रेषेत धरून वाक बघा.

ए मिळाली तर उत्तम, बी घ्यायला हरकत नाही. कव्हर बी आणि तबकडी ए असेल तर डोळे मिटून घ्या, संग्राहक नसलेल्याचा खरा फायदा तिथेच आहे.

साइड_बी
ओबीसाठी जास्त पैसे द्यावेत का? आणि किंमत योग्य आहे हे दुकानात उभं राहून कसं कळणार?

सानपाडा साइडिंग
ऐकण्यासाठी घेत असाल तर ओबीला एक येनही जादा देऊ नका. पुढेमागे विकायची असेल तर ओबी हवीच, कारण नसली की जपानी प्रतीचा भाव पडतो.

किमतीसाठी डिस्कॉग्स अॅप, जगभरच्या रेकॉर्डची यादी आणि खरेदी-विक्री तिथे चालते. पण नुसतं रेकॉर्डचं नाव टाकू नका, एकाच नावाच्या पन्नास छपाया निघतात. कव्हरच्या कण्यावरचा किंवा लेबलवरचा कॅटलॉग नंबर टाका, देश जपान निवडा आणि मग आधीच्या विक्रीतला मधला भाव बघा. आणखी एक, डिस्कॉग्सवर अवस्थेसाठी चालतं ते गोल्डमाइन या अमेरिकन मासिकाचं मापन. त्यात व्हीजी म्हणजे शब्दशः 'फार चांगली' असली तरी प्रत्यक्षात खरखरणारी. घेण्यालायक मर्यादा व्हीजी प्लस.

पाचपाखाडी
@उपवन३३, अमेरिकन जॅझच्या जपानी छपाया घ्यायच्या की मूळ अमेरिकन?

उपवन३३
या बजेटात जपानीच. १९७०-८०च्या दशकांतल्या जपानी पुनर्छपाया शांत वाजतात, प्लास्टिक चांगलं, आणि तिथे मुबलक असल्याने स्वस्त. मूळ अमेरिकन पहिली छपाई भिंतीवर टांगलेली असते, तिच्याकडे बघायचं आणि पुढे जायचं.

कोपरखैरणे सेक्टर
टॅक्सबद्दल, कारण तुमच्या तारखांना नियम नेमका बदललेला असणार. आतापर्यंत एका दुकानात एका दिवसात करासोडून ५,००० येनची खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून १० टक्के कर तिथेच वजा व्हायचा. १ नोव्हेंबर २०२६ पासून जपान परताव्याच्या पद्धतीवर जातोय: दुकानात करासकट पूर्ण पैसे भरायचे, खरेदीची नोंद पासपोर्टवर होते, आणि देश सोडताना विमानतळावर कस्टम्सची खातरजमा झाल्यावर कर परत मिळतो. ५,००० येनची किमान मर्यादा कायम आहे.

तुम्हाला यातून तीन गोष्टी लागू. पहिली, ४०,००० येन म्हणजे करासकट ४०,००० धरा, दुकानात सूट मिळेल या हिशोबाने टोपली भरू नका. दुसरी, मूळ पासपोर्ट जवळ हवा, फोनमधला फोटो चालत नाही. तिसरी आणि महत्त्वाची: कस्टम्सने वस्तू बघायला मागितली तर दाखवता आली पाहिजे. सुटकेस काउंटरवर दिल्यावर रेकॉर्ड आठवल्या तर परतावा गेला. आधी कस्टम्स, मग चेक-इन. विमानतळावर अर्धा-पाऊण तास जादा ठेवा.

खरेदी एकाच दुकानात जमवली तर ५,०००ची मर्यादा ओलांडते. पाच दुकानांतून हजार-हजाराच्या घेतल्या तर काहीच परत नाही. छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर येन निघतात.

मुंबईला सहार विमानतळावर उतरताना पावत्या वेगळ्या पाकिटात ठेवा. एवढी खरेदी ड्युटी-फ्री मर्यादेत सहज बसते, पण तुमची बाकी खरेदीही त्यात मोजली जाते, आणि ही मर्यादा माणशी असते, कुटुंबाची एकत्र जोडता येत नाही. पोस्टाने पाठवायचा विचार असेल तर सोडा. पार्सलला प्रवाशाच्या सामानाची सवलत नसते, ते आयात म्हणून धरतात.

सुईटोक (वाशी)
आता आणण्याबद्दल, कारण खरेदी चुकली तर पैसे जातात, पॅकिंग चुकलं तर पैसेही जातात आणि रेकॉर्डही.

वजन आधी मोजा. कव्हरसकट एक एलपी साधारण २५० ग्रॅम, १८० ग्रॅमची जाड तबकडी असेल तर ३०० च्या आसपास, डबल अल्बम ४५०-५००. तीस एलपी म्हणजे साडेसात किलो. केबिन बॅगेला ७ किलोची मर्यादा असेल तर त्यातले अडीच-तीन किलो ट्रॉली स्वतःच खाते. म्हणजे केबिनमध्ये पंधरा-सोळाच. बाकीच्या सुटकेसमध्ये जाणार हे आत्ताच धरून चाला.

इथून नेण्याच्या वस्तू: ४० बाहेरच्या पॉलिथीन पिशव्या (साडेबत्तीस सेंटीमीटर चौरस), ४० आतल्या अँटिस्टॅटिक पिशव्या, ३३ × ३३ सेंटीमीटरचे नालीदार पुठ्ठ्याचे आठ तुकडे, आणि स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्मचा रोल. पुठ्ठा कुठल्याही ऑनलाइन डिलिव्हरीच्या खोक्याचा कापा, एका तुकड्याची नाली उभी आणि दुसऱ्याची आडवी, दोन्ही चिकटवून एक पाट. असे चार पाट होतात.

हॉटेलवर: तबकडी तिच्या आतल्या पिशवीसकट कव्हराच्या बाहेर काढा, आणि बाहेरच्या पॉलिथीनमध्ये कव्हराच्या मागे उभी सरकवा. हे चुकवू नका. तबकडी कव्हराच्या आत राहिली की प्रत्येक धक्क्याला तिची कड वरच्या शिवणीवर आपटते आणि कागद उसवतो. सुटकेस पट्ट्यावर एकदा जोरात आपटली तरी पुरे. त्यानंतर पंधरा-पंधराचे दोन गठ्ठे, प्रत्येकाला खाली-वर पाट, भोवती क्लिंग फिल्मचे चार वेढे. रबर बँड नको, दोन दिवसांत कव्हराच्या कडेला खाच पडते. फार आवळूही नका. गठ्ठा हलता कामा नये, इतकंच.

सुटकेसमध्ये गठ्ठा मधोमध आडवा, खाली जीन्स, वर स्वेटर, चारही बाजूंना मोजे-टॉवेल. कोपऱ्यांना बोटभर तरी कपडा हवा, मार तिथेच बसतो. क्ष-किरण तपासणीने रेकॉर्डला काही होत नाही.

उपवन३३
आडव्याला माझा विरोध. उभ्या ठेवाव्यात.

सुईटोक (वाशी)
घरच्या शेल्फवर उभ्याच. सुटकेस मात्र ट्रॉलीवर उभी, पट्ट्यावर आडवी, विमानात कशीही. दोन्ही बाजूंना सपाट पाट आणि गठ्ठा घट्ट असेल तर एका दिवसात तबकडी वाकत नाही. वाकते ती उष्णतेने आणि असमान दाबाने. सुटकेसच्या तळाला हँडलच्या दोन नळ्यांचा उंचवटा असतो, त्यावर थेट गठ्ठा ठेवला तर दाब त्या दोन रेघांवर येतो. म्हणून खाली आधी कपडे, मग पाट.

साइड_बी
पटलं. टर्नटेबलचं कोणीच बोललं नाही.

सानपाडा साइडिंग
आणू नका. जपानची वीज १०० व्होल्टची. तिथला प्लेअर आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की आतला ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर जळते. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, आणि लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारे बहुतेक ११० व्होल्टचे असतात, अमेरिकन वस्तूंसाठी. १०० वेगळा मागून घ्यावा लागतो. जुन्या बेल्ट ड्राइव्हमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असेल तर गती विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरते. टोकियोकडे ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच, पण ओसाकाकडे ६०. तिकडचा नग असेल आणि पुली ६० ची असेल तर गाणं इथे संथ आणि खालच्या पट्टीत वाजेल. शिवाय टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारख्या यंत्राचं वजन दहा-बारा किलो.

त्याऐवजी कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) किंवा नुसती सुई आणा, खिशात मावते. फक्त तुमचा फोनो प्रीअॅम्प (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजसाठीच असेल तर मूव्हिंग कॉइल जातीचं घेऊ नका, त्याचा सिग्नल फार क्षीण असतो. डेनॉन डीएल-१०३ चं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, साध्या प्रीअॅम्पवर आवाज पुटपुटल्यासारखा येतो. नागाओकाची एमपी-११० बिनधास्त चालेल.

आणि जपानी पॉपचे ७ इंची सिंगल घेणार असाल तर त्यांचं मधलं भोक मोठं असतं, ३८ मिलिमीटर. अॅडॅप्टर तिथेच घ्या, नाहीतर इथे येऊन तबकडी स्पिंडलभोवती झोके घेईल.

कोपरखैरणे सेक्टर
एक राहिलं. जुन्या रेकॉर्ड कधीकधी जाड, मऊ पीव्हीसीच्या पिशवीत असतात. ती पिशवी इथे आल्याबरोबर फेकून द्या. पीव्हीसीतून सुटणारी द्रव्यं तबकडीवर दुधी धुकं चढवतात आणि ते धुतल्याने जात नाही. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कव्हरांना बुरशीही धरते. बाहेरची भिंत ओली होत असेल तर शेल्फ तिला टेकवू नका. आणि मे महिन्यात उघड्या पार्किंगमधल्या गाडीत रेकॉर्ड कधीच नाही.

साइड_बी
आत्ताच केबिन ट्रॉली मोजली. बाहेरून ५५ × ३५ × २५, आतून रुंदी ३३, पण तळाशी नळ्यांमुळे साडेतीसच. पिशवीतली एलपी आडवी घातली तर वरच्या थरात बसते, तळाशी अडते.

सुईटोक (वाशी)
मग तळाशी नळ्यांच्या उंचीइतके कपडे भरून सपाट करा आणि गठ्ठा त्यावर. झाकण लावून ट्रॉली एकदा जोरात हलवून बघा. आतून काही सरकल्याचा आवाज आला तर अजून एक टॉवेल. जाण्याआधी घरातल्याच पंधरा एलपी भरून वजनकाट्यावरही ठेवा, काउंटरवर उघडून काढायची वेळ यायला नको.

साइड_बी
भरली. १५ मध्ये ७.२ भरतंय.

सुईटोक (वाशी)
एक काढा. चौदा.