उलटीकडून हिशेब मांडा

पुण्याच्या तांबट आळीतल्या तांब्याच्या भांड्यांची वेबसाइट काढून पहिल्याच महिन्यात रोज शंभर ऑर्डर हव्यात, असं एकाने लिहिलंय. उत्साह मोडायचा नाही, पण आकडा उलटीकडून मांडून पाहा. नव्या वेबसाइटवर येणाऱ्या शंभरातला एक जण विकत घेतो असं धरा (माझ्या मते तेही उदारपणे). म्हणजे रोज दहा हजार माणसं हवीत. तुळशीबागेतसुद्धा एवढी गर्दी एका दुकानात शिरत नाही, आणि शिरली तरी निम्मी भाव विचारून पुढे जातात!

त्यापेक्षा महिन्याला ३० ऑर्डर धरा. त्यासाठी ३,००० भेटी, म्हणजे दिवसाला शंभर. जाहिरातीची एक क्लिक ५ रुपयांना पडली, तर एका ऑर्डरमागे शंभर क्लिकचे ५०० रुपये गेले. तांब्याच्या एका पेल्यावर तेवढं सुटतं का?

गूगलवरून फुकट येणारी माणसं लगेच धरू नका; वेबसाइटमधल्या बदलांचा परिणाम तिथे दिसायला कधीकधी कित्येक महिने लागतात, हे गूगल स्वतःच सांगतं. तोवर सर्च कन्सोल (गूगल शोधात आपली वेबसाइट कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच साधन) जोडून लोक काय शोधत येतात ते बघा. आणि दिवाळीच्या महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधू नका. मी बांधला होता, माल मार्चपर्यंत माळ्यावर होता.