सर्व्हमध्ये जोर हवाय: जुना लांब स्विंग ठेवू की आखूड नवीन शिकू?

बेसलाइनवाला

नमस्कार मंडळी. वय ४२, उंची पाच फूट सात इंच, पुण्यात कोथरूडला मातीच्या कोर्टवर सकाळी टेनिस खेळतो, सिंगल्स पण आणि डबल्स पण. लहानपणी ज्या सरांकडे शिकलो त्यांनी जुन्या पद्धतीची सर्व्ह बसवली होती, म्हणजे दोन्ही हात एकदम खाली, मग एकदम वर, रॅकेट गुडघ्याजवळून मागे जाऊन मोठा गोल घेऊन पाठीमागे पडणार, आणि चेंडू मारल्यावर मागचा पाय बेसलाइन (कोर्टाची मागची रेघ) ओलांडून आत. आता क्लबात नवीन कोच आलेत, पोरगा हुशार आहे, त्याचं म्हणणं की काका हा एवढा मोठा गोल कशाला, रॅकेट सरळ समोरून कानाजवळ न्या, मागचा पाय पुढच्याला चिकटवा आणि उडी मारा.

तसं करायला लागल्यापासून सर्व्ह आत पडते पण जोर पार गेला. स्पीड मोजायचं काही साधन नाही, पण समोरचा बेसलाइनच्या दोन पावलं आत येऊन आरामात रिटर्न मारतो त्यावरून कळतंच की. रॅकेट ३०० ग्रॅमची आहे. तर जाणकारांनी सांगा, निव्वळ ताकदीसाठी क्लासिक बरी की मॉडर्न? की दोन्हीतलं थोडं थोडं घ्यावं?

सेंटरकोर्ट_काका

धागा काढलात ते बरं झालं, हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, सांभाळून घ्या.

जुनी सर्व्ह तशी का होती याचं कारण नियमात आहे. १९६० च्या आसपासपर्यंत चेंडू रॅकेटला लागेपर्यंत सर्व्ह करणाऱ्याचा एक पाय जमिनीवर असलाच पाहिजे असा नियम होता, म्हणजे उडी मारायचा प्रश्नच नाही. मग जॅक क्रेमर, पांचो गोन्झालेस ही मंडळी काय करायची, तर सगळं वजन पुढच्या पायावर झोकून द्यायचं आणि मागचा पाय चेंडू मारता मारता फिरवून कोर्टात टाकायचा, आणि तिथूनच धावत नेटवर. तुमच्या सरांनी तो मागचा पाय ओलांडायला शिकवला तो ह्याच घराण्यातला. त्यात लाकडी रॅकेट आजच्यापेक्षा बऱ्याच जड, त्या मनगटाच्या झटक्याने फिरायच्या नाहीत, त्यांना लांबून हळूहळू गती द्यावी लागायची म्हणून तो मोठा गोल. आपल्या विजय अमृतराजची सर्व्ह आठवा, सव्वासहा फुटांच्या वर उंची आणि सैल लांब हात, बघत राहावं अशी.

नियम बदलल्यावर पाय जमिनीवरून सुटले. पण म्हणून लांब स्विंग गेला का? नाही. अमेरिकेचा पीट सँप्रस घ्या. विम्बल्डन ७ वेळा जिंकला, पुढच्या पायाचा चवडा उचलून संथ सुरुवात, हात पूर्ण खाली जाऊन वर, आणि उडी मात्र पूर्ण आधुनिक. त्याला क्लासिक म्हणणार की मॉडर्न? उलट रॉडिकने तो गोलच कापून टाकला, रॅकेट थेट वर, आणि २००४ मध्ये बेलारूसविरुद्ध डेव्हिस कपात ताशी २४९ किलोमीटरची सर्व्ह मारली. दोन्ही टोकांना जोर आहे, त्यामुळे जोर टेकबॅकमध्ये (रॅकेट मागे नेण्यात) नाही हे माझं ठाम मत.

न्यूजर्सीचा_नार्वेकर

काका, प्रतिसाद नेहमीसारखाच भारी, पण शेवटच्या वाक्याला माझा थोडा विरोध आहे. प्रो लोकांचं ठीक आहे हो, आपल्यासारख्या ऑफिस करून खेळणाऱ्यांना टेकबॅकने खूप फरक पडतो. मी इथे वीकेंड लीग खेळतो. पूर्वी माझा पण मोठा गोल होता आणि वारा असला की टॉस (सर्व्हसाठी वर फेकलेला चेंडू) जरा इकडेतिकडे झाला तरी हात अजून खालीच असायचा, मग घाई, मग चेंडू नेटमध्ये. आखूड केल्यापासून रॅकेट आधीच वर येऊन थांबलेली असते, टॉस वाईट पडला तर सोडून देता येतो, आणि सेकंड सर्व्हचा भरवसा तर कितीतरी वाढला. फक्त एक आहे, आखूड स्विंगमध्ये हाताला आयती गती मिळत नाही, ती पायांकडून आणावी लागते. गुडघे न वाकवता आखूड सर्व्ह केलीत तर चेंडू नुसता ढकलला जातो. बेसलाइनवाला, तुमचं तेच होत असणार असं मला वाटतं.

मिरजेचा_कोच

वीस एक वर्षं पोरांना शिकवतोय म्हणून बोलतो, वरच्या दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

बेसलाइनवाला, तुमच्या कोचने एकदम दोन गोष्टी बदलल्यात, हात पण आणि पाय पण. तिथे घोळ झालाय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लांब हात आणि चिकटलेले पाय असं चालतं, आखूड हात आणि एकमेकांपासून लांब ठेवलेले पाय असंही चालतं. एका वेळी एकच बदला.

आता जोर येतो कुठून ते. पाय जमीन ढकलतात, त्याने कंबर आणि मग छाती फिरते, खांदा पुढे येतो, आणि खांदा वर-पुढे सुटत असताना रॅकेट मात्र पाठीमागे खाली पडत असते, हे उलट दिशेला जाणं फार महत्त्वाचं. गोफण फिरवताना दगड मागे राहतो आणि मग सुटतो तसं. त्यानंतर कोपर सरळ होतं आणि अगदी शेवटी दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरतो, त्याबरोबर पंजाही फिरतो. रॅकेटच्या टोकाच्या वेगात ह्या दंडाच्या फिरण्याचा वाटा फार मोठा असतो, आणि क्लबात नेमकं तेच कोणी करत नाही. मनगट मोडा मनगट मोडा असं ओरडत बसतात, त्याने काही होत नाही.

ते का होत नाही तर ग्रिप. फोरहँडची ग्रिप धरून सर्व्ह केली की ट्रॉफी पोझिशनला (टॉसचा हात वर, रॅकेट डोक्यामागे उभी) रॅकेटचा चेहरा आकाशाकडे उघडा पडतो, मग दंड फिरायला जागाच उरत नाही, फिरवला तर चेंडू उजवीकडे जातो म्हणून शरीर आपोआप तो रोखतं. कॉन्टिनेंटल (हातोडी धरतात तशी ग्रिप) धरा, म्हणजे रॅकेटची कड चेंडूकडे करून वर जायचं आणि शेवटच्या क्षणाला चेहरा उघडायचा. सुरुवातीला चेंडू डावीकडे बाहेर जातील, जाऊ द्या.

तुमच्यासाठी एक चाचणी. नेहमीचा लांब स्विंग घेऊन काही सर्व्ह मारा. मग रॅकेट आधीच ट्रॉफी पोझिशनला धरून, गोल न घेता, नुसता टॉस करून तेवढ्याच मारा. बॉक्समध्ये (सर्व्ह पडायच्या चौकोनात) पडल्यावर चेंडू मागच्या जाळीवर किती उंच लागतो ते कुणाला तरी बघायला सांगा. दोन्ही सारखेच लागत असतील तर तुमचा लांब गोल नुसता दिखाव्याचा आहे, लांबवाले वर लागत असतील तर त्या गोलातून तुम्हाला लय मिळते आणि ती सोडू नका. जे बर्गर नावाचा अमेरिकन खेळाडू रॅकेट आधीच पाठीवर टाकून सर्व्ह सुरू करायचा आणि तरी जगातल्या पहिल्या दहात गेला.

फिजिओताई

जोराबद्दल सगळे बोलताहेत, ब्रेकबद्दल मी बोलते. दंड जितक्या वेगाने आत फिरतो तितक्याच ताकदीने तो थांबवावा लागतो, आणि ते काम खांद्याच्या मागचे छोटे स्नायू करतात. चाळिशीनंतर माझ्याकडे येणारे बरेच टेनिसवाले पुढून छाती-दंड मजबूत आणि मागून अगदी कच्चे असे असतात. सर्व्ह बदलायला घेताय तर आधी थेराबँड दाराला बांधून कोपर कमरेला चिकटवून बाहेरच्या दिशेला ओढायचा व्यायाम सुरू करा, हळू सोडत परत यायचं, तो परतीचा भाग जास्त कामाचा.

दुसरं, पाय चिकटवून उडी मारली की पुढच्या पायावर आपटून उतरणं येतं. गुडघा किंवा पाठ कुरकुरत असेल तर पाय लांब ठेवूनच सर्व्ह करा दादा. आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर त्या दिवशी सर्व्ह बंद, अंगावर काढू नका.

बालेवाडी_फॅन

२०१९ ची बालेवाडीची, म्हणजे पुण्यातल्या महाराष्ट्र ओपनची फायनल कुणी बघितली होती का? केविन अँडरसन आणि इवो कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकला गेले, शेवटी अँडरसन जिंकला. मी स्टँडमध्ये होतो. टीव्हीवर कळत नाही पण प्रत्यक्षात सगळ्यात जास्त जाणवलं ते म्हणजे चेंडू किती उंचावरून खाली येतो. कार्लोविच २११ सेंटिमीटर! जॉन इस्नर २०८, ज्याने २०१६ ला डेव्हिस कपात ताशी २५३ किलोमीटरची सर्व्ह मारली.

म्हणून घरी येऊन हिशोब केला होता तो इथे देतो. बेसलाइनपासून नेट ११.८९ मीटर, नेट मध्यभागी ९१ सेंटिमीटर, आणि नेटपासून सर्व्हिस लाइन (बॉक्सची मागची रेघ) ६.४० मीटर. सरळ पट्टी धरली तर चेंडू नेटच्या मधून घासून सर्व्हिस लाइनवर पडायला तो साधारण २.६ मीटर उंचीवर मारला पाहिजे. पाच फूट सात इंचवाला हात पूर्ण ताणून रॅकेटसकट तेवढ्याच्या आसपास पोचतो, म्हणजे त्याला सपाट सरळ मारायला जवळजवळ जागाच नाही, गुरुत्वाकर्षण आणि स्पिन ह्यांच्यावरच अवलंबून राहावं लागतं. त्यामुळे बेसलाइनवाला, उडीचा फायदा तुम्हाला आहे, पण वेगापेक्षा उंचीसाठी. आणि थोडा स्लाइस (चेंडूला बाजूने घासून वळवणं) घ्याच. ड्यूस कोर्टवर (उजव्या बाजूकडून सर्व्ह करताना) बाहेर जाणारी स्लाइस कमी वेगातही समोरच्याला कोर्टाबाहेर काढते.

बेसलाइनवाला

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. कोचसाहेब, चाचणी केली. मित्राला जाळीपाशी उभं केलं. लांब स्विंगचे चेंडू जाळीवर कमरेच्या वर लागत होते, ट्रॉफीवरून मारलेले गुडघ्याच्या थोडे वर, म्हणजे माझ्या गोलात काहीतरी आहे. ग्रिप बघितली तर खरंच फोरहँडकडे सरकलेली होती. कॉन्टिनेंटल धरल्यावर तुम्ही म्हणालात तसेच चेंडू डावीकडे जायला लागले, पण मधूनच एखादा असा काही सुटतो की आवाजच वेगळा येतो.

आता टॉसचा प्रश्न आहे. उंच ठेवू की खाली?

सेंटरकोर्ट_काका

स्टेफी ग्राफचा टॉस बघितला असेल, केवढा उंच, आणि दुसरीकडे गोरान इवानिसेविच, चेंडू हातातून सुटला न सुटला तोच मारलेला. टॉस हा स्विंगच्या लांबीवर ठरतो. लांब गोलाला वेळ लागतो, त्याला खालचा टॉस दिला की हात चेंडूमागे पळतो. पण फार उंच टाकला तर खाली येताना चेंडूचा वेग वाढलेला असतो, मारायच्या जागेतून तो झटकन निघून जातो आणि वाऱ्यातही हलतो. तुमच्यासाठी रॅकेट ताणून पोचते त्याच्या वर वीतभर-हातभर पुरे.

ठाण्याची_आई

थोडं अवांतर, पण माझी लेक अकरा वर्षांची आहे, तिला कुठली शिकवू द्यावी? तिच्या अॅकॅडमीत सगळ्या मुलींना पाय चिकटवून उडी शिकवतात.

मिरजेचा_कोच

ताई, अवांतर अजिबात नाही. ह्या वयात पाय खांद्याएवढे लांब ठेवून, न थांबता एका दमात फिरणारा हात, आणि कॉन्टिनेंटल ग्रिप, एवढंच. पाय चिकटवताना पोरं एवढा वेळ मागच्या पायाकडे लक्ष देतात की टॉस बिघडतो. उडी मुद्दाम शिकवायची गरज नाही, गुडघ्यातून वर ढकलायला लागली की पाय आपोआप सुटतात. चेंडू फेकायला लावा, वर आणि लांब, कोर्टाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या जाळीपर्यंत. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांची सर्व्ह लवकर बसते ती ह्याच कारणाने, आपल्याकडे मुलींना फेकायला कोणी देत नाही ही खरी अडचण.

आणि पुढे सर्व्ह बदलता येत नाही असंही नाही. सबालेंका २०२२ च्या सुरुवातीला डबल फॉल्टच्या (सलग दोन्ही सर्व्ह चुकण्याच्या) राशी घालत होती, बायोमेकॅनिक्सच्या माणसाला धरून सर्व्ह नव्याने बांधली आणि जानेवारी २०२३ ला मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन ही ग्रँड स्लॅम जिंकली.

न्यूजर्सीचा_नार्वेकर

सहमत. अल्काराझनेपण २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या आधी मधला थांबा काढून हात सलग केला. मी वर आखूड स्विंगची बाजू घेतली होती, ती माझ्यापुरती अजून घेतोच, पण बेसलाइनवाला, जाळीवरचा फरक एवढा असेल तर तुम्ही लांबच ठेवा.

बेसलाइनवाला

ठरलं मग, हात जुनाच, ग्रिप नवीन, पाय लांब. क्लबातल्या कोचशीही बोललो, त्याला जाळीची चाचणी फार आवडली, आता तो बाकीच्यांनाही तीच करायला लावतोय. एक शेवटचं विचारतो, मागचा पाय ओलांडून आत टाकायची जुनी सवय आहे ती राहू देऊ का?

मिरजेचा_कोच

ती बदला. मागचा पाय आधी आत पडला म्हणजे वजन पुढे गेलं पण वर गेलं नाही, आणि तुमच्या उंचीला वर जायला हवं. टॉस बेसलाइनच्या फूटभर आत टाका, वर ढकला, आणि डाव्या पायावर कोर्टात उतरा, उजवा मागे हवेत. मोबाइल बाजूच्या जाळीला अडकवून स्लो मोशनमध्ये काढा, मागून काढू नका, मागून रॅकेट किती खाली पडते ते नीट दिसत नाही. आणि चेंडू लागायच्या आधी डावा पाय लाइनला शिवत नाही ना ते पण बघा, क्लबात फूट फॉल्ट कोणी देत नाही पण स्पर्धेत देतात.