रीलोड केलेल्या गोळ्यांचा धूर अन् पिस्तुलात बसणारी काजळी, कमी कशी करायची?

वर्धारोड_३२

नमस्कार मंडळी. प्रश्न अर्धा माझा अन् अर्धा माझ्या मामेभावाचा आहे. तो टेक्सासला राहतो, तिकडं घरी गोळ्या रीलोड करायला मनाई नाही, म्हणून गडी ९ एमएमच्या रिकाम्या केसेस (गोळीची पितळेची टरफलं) जमवून स्वतःच भरून राहिला. परवा व्हिडिओ कॉलवर दाखवलं त्यानं, इनडोअर रेंजवर एक मॅगझीन संपेपर्यंत समोरचं टार्गेट धुरात दिसेनासं होते, अन् घरी येऊन पिस्तूल खोललं की आत सगळी काजळी. केसेसपण एका बाजूनं काळ्या. बुलेट, म्हणजे गोळीचा पुढं उडणारा भाग, ओतीव शिशाच्या आहेत, खोबणीत निळं मेण भरलेलं आहे. पावडर रीलोडिंगच्या मॅन्युअलमधल्या सगळ्यात कमी मापाची टाकतो म्हणे, झटका कमी बसावा म्हणून. त्याचं म्हणणं पावडरच खराब आहे, बदलून टाकतो.

माझं असं की मी इथं नागपुरात सेंटर फायर या पिस्तूल स्पर्धेसाठी पॉइंट ३२ वॉडकटर (सपाट तोंडाच्या टार्गेटच्या गोळ्या) मारतो, गोळ्या फॅक्टरीच्या, रीलोड नाही, तरी धूर अन् काजळी मलाही येतेच, अन् डिसेंबर-जानेवारीत सकाळी वारा पडलेला असला तर धूर नाकासमोरून हलतच नाही. हे काऊन होते ते कोणी नीट समजावून सांगन का?

दारूगोळा_काका

वर्धारोड भाऊ, आधी भावाला म्हणा पावडरचा डबा फेकू नको. नोकरीची सगळी वर्षं माझी छोट्या हत्यारांच्या गोळ्यांतच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुनी काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागं राहायचा, पोटॅशियमचे क्षार अन् काय काय, म्हणून पहिल्या फैरीनंतर रणांगणावर काही दिसायचं नाही. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं नायट्रोसेल्युलोजपासून पावडर केली, ती जवळपास सगळी वायूत जाते, म्हणून तिला धूररहित म्हणतात. आता सांगा, पावडर वायूच होऊन जाते तर भावाच्या रेंजवरचा ढग कशाचा? मोठा वाटा त्या निळ्या मेणाचा. बुलेटच्या खोबणीतलं वंगण गरम वायूनं वितळते, जळते अन् धूर होऊन बाहेर पडते. त्यात बुलेटचं बूड उघड्या शिशाचं, त्याच्यावर ज्वाळा येते, थोडं शिसं तिथंही उडते. प्रायमरची, म्हणजे केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीची, भर वेगळी, नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड असते, त्याची राख होतेच.

आता काजळी. ही दाबाची गोष्ट आहे. प्रत्येक पावडर एका ठराविक दाबाच्या पट्ट्यात नीट जळायला बनवलेली असते, दाब त्याच्या खाली राहिला की ओल्या लाकडाच्या चुलीसारखं होते, जळते पण धुसफुसत. अर्धवट जळलेले कण बॅरलमध्ये, मॅगझीनमध्ये सगळीकडं सांडतात. अन् केस एका बाजूनं काळी होते त्याचं कारणही हेच. पितळेची केस दाबानं फुगून चेंबरच्या (बॅरलमधली गोळी बसायची जागा) भिंतीला चिकटली पाहिजे म्हणजे वायू मागं येत नाही. दाब कमी असला की ती पूर्ण फुगत नाही अन् वायू फटीतून मागं सरकून काळं करून जातो. म्हणजे त्या काळ्या केसेसच सांगून राहिल्या की लोड, म्हणजे भरलेली पावडर, हलका आहे.

पण इथंच लोक चुकीचा अर्थ काढतात, म्हणून जोर देऊन सांगतो. दाब कमी आहे म्हणजे पावडर अंदाजानं वाढवत जा असं अजिबात नाही. ९ एमएमची केस लहान, आत जागा कमी, बुलेट थोडी जास्त खोल बसली तरी दाब एकदम चढते. मॅन्युअलमध्ये त्याच बुलेटसाठी छापलेल्या सुरुवातीच्या अन् कमाल मापाच्या मधेच राहायचं, कमालच्या वर एक कणही नाही. हलकाच लोड पाहिजे असन तर त्याच मॅन्युअलमध्ये हलक्या लोडसाठी दिलेली जलद जळणारी पावडर घ्या. मंद पावडर छोट्या बॅरलमध्ये अर्धीच जळते. गोल दाण्याची बॉल पावडरही कमी दाबात सहसा जास्त घाण करते, चपट्या कणांची जलद पावडर तिथं बरी.

तुमच्या ३२ चं उत्तरही यातच आहे. वॉडकटरच्या मॅच गोळ्या मुद्दाम मवाळ ठेवतात, शिसं मऊ, दाब कमी, वर वंगण. त्या धूर करणारच, तुमच्या गोळ्यांत खोट नाही.

मिनेसोटा_ते_महाल

काकांनी मूळच सांगितलं. मी इकडं मिनेसोटात बरीच वर्षं रीलोड करतो, त्यातलं हाताला लागलेलं सांगतो. भावानं एकच गोष्ट बदलायची ठरवली तर बुलेट बदलावी. पॉलिमर कोटिंगवाल्या शिशाच्या बुलेट मिळतात, लाल हिरव्या रंगाच्या, त्यांना मेण लागतच नाही, धूर पाहून त्याला स्वतःलाच पटन. तांब्याचा मुलामा दिलेल्या घेतल्या तरी चालते, त्यांचं बूडही झाकलेलं असते. साध्या फुल मेटल जॅकेटमध्ये, म्हणजे शिशावर तांब्याचं कवच चढवलेल्या बुलेटमध्ये, बूड उघडंच राहते हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही, होलो पॉइंटमध्ये (टोकाला पोकळी असलेल्या बुलेटमध्ये) मात्र जॅकेट बुडाकडून वर आलेलं असते. अन् बुलेट बदलली की लोड परत मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून, जुना आकडा नव्या बुलेटला लावायचा नाही.

दुसरं, बुलेटचा घेर मोजायला सांगा. ९ एमएममध्ये जॅकेटवाली ०.३५५ इंच असते, शिशाची सहसा ०.३५६ घेतात, बॅरलच्या आतल्या मापापेक्षा एक हजारांश जास्त. बारीक असली तर वायू बाजूनं निसटते, शिसं कापत जाते अन् बॅरलला चिकटवते, मग धूर तर धूर, नेमही जाते. तिसरं, केसनं बुलेट घट्ट धरली पाहिजे. पकड ढिली असली की दाब तयार व्हायच्या आधीच बुलेट सुटते अन् पावडर अर्धी जळते. पण ९ एमएमची केस चेंबरमध्ये तोंडावर टेकते, म्हणून टेपर क्रिम्पच, म्हणजे केसचं तोंड निमुळतं दाबणं, तोही हलका. ज्यादा दाबला तर उलट पकड जाते.

नेम_धरमपेठ

मी पिस्तूल मारते, .२२ अन् एअर दोन्ही, अन् मला या सगळ्यात धुरापेक्षा शिशाची काळजी जास्त वाटते. टार्गेट दिसत नाही हा त्रास लहान आहे हो, त्या धुरात शिसं आहे हे मोठं आहे. .२२ रिमफायर (प्रायमर केसच्या कडेत असलेली गोळी) रीलोड होत नाही पण तिच्यातही मेण, उघडं शिसं अन् शिशाचा प्रायमर सगळं आहेच. भावाला विचारा त्याच्या रेंजवर हवा मागून पुढं जाते का. शूटरच्या पाठीकडून टार्गेटकडं हवा वाहत असली तर धूर तोंडावर येत नाही, वाटतो तेवढा राहतही नाही. उलटी येत असन तर त्यानं रेंजच बदलावी, पावडरचं नंतर पाहू.

अन् तुम्हीसुद्धा. मारून झालं की हात साबणानं थंड पाण्यात धुवायचे, त्याआधी पोहे नाही, चहा नाही, तोंडाला हात नाही. रेंजचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाही. घरी लेकरं असतील तर हे मला शंभरदा सांगावंसं वाटते, कारण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं लहान मुलांसाठी रक्तातल्या शिशाची लक्ष ठेवायची पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरवर आणली, म्हणजे थोडंसंही थोडं नाही. नियमित मारणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घ्यावं. आपल्या राज्यातली राही सरनोबत २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं सोनं घेऊन आली तेव्हापासून किती मुली या खेळात आल्या, अन् त्यांच्याशी हात धुण्याबद्दल कोणी चकार शब्द बोलत नाही, हे मला खरंच खटकते.

वर्धारोड_३२

ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं, खरंच. भावाला सगळं पाठवलं. तो म्हणते रेंजची हवा पुढंच जाते, अन् कोटिंगवाल्या बुलेट मागवल्या. अजून दोन विचारतो. एक, बॅरलला शिसं आधीच चिकटलेलं आहे ते कसं काढायचं? दोन, आमच्या ग्रुपमध्ये एकजण म्हणून राहिला की आपणही इथं ३२ च्या केसेस भरू, खर्च वाचन.

दारूगोळा_काका

दुसऱ्याचं आधी. नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गोळ्या बनवायला वेगळा परवाना लागते, पिस्तुलाच्या लायसन्सवर ते होत नाही. त्या मित्राला आजच सांगा, चार पैसे वाचवायच्या नादात लायसन्स जाईन अन् पोलीस केस होईन ती वेगळी. भाऊ जिथं आहे तिथला कायदा त्याच्यापुरता.

आता सफाई. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा पाहायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. बॅरल काढता येत असन तर काढायचं अन् चेंबरच्या बाजूनं ब्रश घालायचा, तोंडाकडून घालू नका, तिथली कड घासली गेली की नेम बिघडते. सॉल्व्हंट लावून थोडं थांबा, मग ब्रॉन्झचा ब्रश, मग कापडाचे तुकडे. चिवट शिशासाठी जुन्या ब्रशला शुद्ध तांब्याच्या घासणीचे चार धागे गुंडाळा, दोनचार फेऱ्यांत शिशाच्या पापड्या पडतात. इतवारीच्या भांड्याच्या बाजारात घासणी घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, चिकटली तर आत लोखंड आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा, ती बॅरलमध्ये घालायची नाही. निघालेलं शिसं अन् काळे झालेले कापडाचे तुकडे पिशवीत बांधून वेगळे टाका, सफाईला हातमोजे घाला.

मिनेसोटा_ते_महाल

एक राहिलं. उन्हाळ्यात गोळ्या कारमध्ये ठेवू नका. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४५ असते, बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर जाते. मेण मऊ होऊन .२२ च्या गोळ्यांवरून उतरते, बाहेरची धूळ त्याला चिकटते अन् मग तीच धूळ बॅरलमधून जाते. पावडरलाही इतकी उष्णता सोसत नाही. घरातल्या थंड कोरड्या कपाटात कुलूप लावून ठेवायच्या. अन् पावसाळ्यात मारून आल्यावर सफाई उद्यावर टाकायची नाही, काजळी ओल धरून ठेवते अन् तिच्याखाली गंज सुरू होते.

वर्धारोड_३२

आजच तांब्याची घासणी आणायला जातो, लोहचुंबक फ्रिजवरचं काढून घेतलं. अन् त्या मित्राला काकांचा मेसेज जसाच्या तसा पाठवला.