मदत हवी आहे: बहिणीची पापणी संध्याकाळी खाली येते, ऑपरेशन आत्ताच करावं का?

नमस्कार. धाकट्या बहिणीबद्दल विचारायचं आहे. वय २४, नागपुरातच नोकरी, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. फेब्रुवारीपासून तिची डावी पापणी खाली उतरते आहे. सकाळी पाहणाऱ्याला कळतही नाही. संध्याकाळी सातला घरी येते तेव्हा अर्धी बाहुली झाकलेली असते. आई आधी म्हणायची, "अशी काऊन पाहून राहिली बाई, झोप नाही झाली काय?" आता आई काहीच म्हणत नाही, त्याचाच बहिणीला जास्त त्रास होतो.

डोळ्यांच्या एका डॉक्टरांना दाखवलं. सहा वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरते म्हटल्यावर ते म्हणाले, लेन्स काढताना पापणी ताणली जाते आणि ती उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल होते, छोट्या ऑपरेशनने घट्ट करू. लेन्समुळे असं होतं हे खरंच आहे. पण त्यांनी तपासलं दुपारी बाराला, पाचेक मिनिटांत, आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. घरी स्थळं पाहणं सुरू आहे, त्यामुळे सगळ्यांना ते लवकर उरकायचं आहे.

मी मोबाईलमधले जुने फोटो काढून बसलो. दिवाळीत दोन्ही डोळे सारखे. फेब्रुवारीत मामेबहिणीच्या लग्नात सकाळच्या हळदीला ठीक, रात्रीच्या रिसेप्शनला डावी पापणी खाली. आणि होळीच्या एका फोटोत चक्क उजवी खाली आहे, डावी नाही. शिवाय मागच्या आठवड्यात वर्धा रोडवर गाडी चालवताना मेट्रोचे खांब एकाचे दोन दिसले म्हणाली. थकवा असेल म्हणून तिने सोडून दिलं. मला ते सोडवत नाही. आधी दुसऱ्या कोणाला दाखवावं का?

प्रतिसाद

दादा, ऑपरेशन थांबवा. मी यातून गेले आहे, २६ व्या वर्षी.

लेन्सने सैल झालेली पापणीही संध्याकाळी थोडी जास्त पडते, पण ती आज डावी, उद्या उजवी अशी बदलत नाही, आणि त्याने एकाचे दोन दिसत नाहीत. तुमच्या होळीच्या फोटोवरूनच मला मायस्थेनिया ग्रेव्हिसची शंका येते. यात नसेकडून स्नायूला जाणारा निरोप शरीराच्याच अँटिबॉडी अडवतात. स्नायू वापरला की दमतो, विश्रांतीने सावरतो. तरुण मुलींमध्ये हा आजार आढळतो, आणि उष्णतेने वाढतो. आपल्याकडचा मे महिना तर माहीतच आहे.

संध्याकाळी पापणी पडली असताना रुमालात बर्फ गुंडाळून मिटलेल्या डोळ्यावर २ मिनिटं धरा, आधीचा आणि नंतरचा फोटो काढा. पापणी २ मिलिमीटर वर आली तर संशय बळावतो. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना दाखवायला कामाचं आहे. मग न्यूरोलॉजिस्ट गाठा. मी मेडिकलला, म्हणजे आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेले होते, एम्सलाही जाता येईल. रक्तातल्या अँटिबॉडी तपासतात, पण आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्या जणांत ती तपासणी निगेटिव्ह येते. त्यावर समाधान मानू नका, नसांची तपासणी राहते. छातीचा सीटी स्कॅनही करतात, या आजाराशी संबंध असलेली छातीतली थायमस ग्रंथी पाहायला. मला पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्यांनी फरक पडला, काहींना स्टेरॉइड लागतात. पापणीचं ऑपरेशन या आजारात अगदी शेवटी, तेही स्थिती बरेच दिवस स्थिर राहिल्यावर.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट कॅज्युअल्टी. पापणी अचानक पडून जोरात डोकं दुखलं आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तरीही तसंच, कारण मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. उलट बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, मानेतल्या किंवा छातीतल्या नसेचा प्रश्न असू शकतो. आणि निदान होईपर्यंत सर्दीतापाला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा अझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स मनाने देऊ नका. मायस्थेनियात त्यांनी अशक्तपणा वाढू शकतो.

लग्नाचं नंतर पाहता येईल. तिला आधी एवढं सांगा की हा तिच्या दिसण्यातला दोष नाही.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. काल रात्री साडेआठला बर्फ लावला. पापणी डोळ्यांदेखत वर आली, थोड्या वेळाने पुन्हा उतरली. फोटो पाहून बहीण रडली, पण म्हणाली, "म्हणजे मी उगाच थकून नव्हती राहिली." ऑपरेशनची तारीख रद्द केली आहे. गुरुवारी न्यूरोलॉजिस्टकडे जातो आहोत, तोवर ऑफिसला मीच सोडतो आणि आणतो. होळीचा फोटो आणि बर्फाचे दोन्ही फोटो प्रिंट करून फाईलला लावले आहेत. आणखी काही सोबत न्यायचं असेल तर बुधवारपर्यंत सांगा.