जंतूच्या अर्कात ४४-४४ वस्तुमानाच्या अंतराने पीक (आलेखातले सुळके) येतायत, नवीन संयुग समजायचं का?

कृष्णाकाठ, सांगली: हळदीच्या रानातल्या मातीतला स्ट्रेप्टोमायसिस (प्रतिजैविकं बनवणारा जिवाणू). ७ दिवस शेकरवर वाढवून इथाइल ॲसिटेटने अर्क काढला. एलसी-एमएसला (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र), पॉझिटिव्ह मोडमध्ये (धनभारित आयन मोजताना), ४४.०३ च्या अंतराने पिकांची रांगच लागते.

माणदेशी: नाही हो, ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल. डिटर्जंट नाहीतर फेसनाशकातून येतं. ३९१.२८ दिसला तर बहुतेक प्लास्टिकमधला थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन); काचेच्या कुप्या वापरा. जंतू न घातलेलं माध्यमही तसंच ७ दिवस शेकरवर ठेवून त्याचा अर्क चालवा. हा ब्लँक नसेल तर बाकी चर्चा फुकट.

अजिंक्यतारा, सातारा: ब्लँकमधले पीक वगळल्यावर एकाच वेळेला बाहेर पडणारी, २१.९८ फरकाची जोडी शोधा. खालचा प्रोटॉन चिकटलेल्या रेणूचा, वरचा सोडियम चिकटलेल्याचा. एमएस-एमएसला (आयन तोडून तुकडे मोजायला) प्रोटॉनवालाच घ्या, सोडियमवाला सहसा नीट तुटत नाही. अर्क ०.१ मिग्रॅ प्रति मिली पुरे, ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून. घट्ट टाकलात तर आयन एकमेकांना दाबतात.

माणदेशी: आणि अर्क केशरी, पीक १२५५.६ ला? मग आधी ॲक्टिनोमायसिन डी (स्ट्रेप्टोमायसिसचंच जुनं प्रतिजैविक) चा संशय घ्या. हा गट १९४० पासून माहीत आहे. जीएनपीएसवर (स्पेक्ट्रमचा खुला ऑनलाइन संग्रह) स्पेक्ट्रम जुळवून बघा, मगच संयुग वेगळं करायला कॉलम भरायला घ्या.