९९,५१६ घनमीटर? ती नोटीस आधी उतरवा

ए-२०४: नमस्कार. नोटीस बोर्डावर एप्रिलचा पाणीवापर ९९,५१६ घनमीटर लावलाय. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. खजिनदार काका, २४ फ्लॅटमध्ये हे शक्य तरी आहे का?

खजिनदार: मागचं रिडिंग ९९८४१, आताचं ००३२५. वजाबाकी दोनदा तपासली आहे.

ए-२०४: लहानातून मोठं जाईना म्हणून तुम्ही उलटं वजा केलंत. मीटर पाच आकडी आहे, ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो. १,००,००० − ९९,८४१ = १५९. त्यात पुढचे ३२५. एकूण ४८४.

बी-३०१ काकू: मेन मीटर १ तारखेला वाचला, बी विंगचे ४ तारखेला. वजाबाकी करायची तर सगळी रिडिंग एकाच दिवसाची पाहिजेत.

ए-४०३: ९९ हजारांवरून ४८४! मेंटेनन्सची पण अशीच वजाबाकी करा 😀

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला. ४८४ मधून फ्लॅटच्या मीटरची बेरीज ४३१ गेली. उरले ५३, ते कॉमन वापराचे.

ए-२०४: ५३ नाही. एप्रिलमध्ये १० हजारी चार टँकर आले. ते पाणी थेट खालच्या टाकीत पडतं, मेन मीटरमधून जातच नाही. फ्लॅटच्या मीटरमधून मात्र जातं. आधी ४० मिळवा. ९३.

बी-१०४: आणि टाकीतली शिल्लक? १ एप्रिलला तळ दिसत होता, १ मेला भरत आली होती. ते पाणी गेलेलं नाही, टाकीतच आहे.

ए-२०४: बरोबर. टाकी आतून ६ बाय ४ मीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला २४० लिटर. १ एप्रिलला पाणी ४० सेंमी, १ मेला १६५. फरक १२५, म्हणजे ३० हजार लिटर. ९३ − ३० = ६३.

खजिनदार: वॉचमनच्या वहीत १ मेला ४५ लिहिलंय. १६५ कुठून आणलेत?

ए-२०४: काका, टेप वरून सोडतात. ४५ हे झाकणापासून पाण्यापर्यंतचं रिकामं अंतर. टाकी २१० खोल, २१० − ४५ = १६५. १ एप्रिलला वहीत १७० आहे, म्हणजे पाणी ४०. वहीतला आकडा वाढला की पाणी कमी झालं, हे उलटं आहे म्हणून दर वेळी गफलत होते.

बी-३०१ काकू: मेन मीटर १ तारखेला, बी विंग ४ तारखेला.

बी-२०२: रोज सकाळी पाइप लावून गाडी धुतात ते पाणी कुठल्या मीटरमध्ये मोजता?

ए-४०३: नाव घेऊन बोला. मी बादलीने धुतो.

बी-२०२: व्हिडिओ टाकू का?

सेक्रेटरी: दोघांनाही विनंती, हा विषय मीटिंगमध्ये.

बी-३०१ काकू: बी विंगचे १२ फ्लॅट, तीन दिवस जास्तीचे. कोणी वाचतंय का?

ए-२०४: काकू, माफ करा, तुमचा मुद्दा अगदी खरा आहे. मागच्या महिन्यात सगळी रिडिंग १ तारखेची होती. एका फ्लॅटला दिवसाला साधारण ५७० लिटर, म्हणजे १२ फ्लॅट, ३ दिवस, जवळपास २० घनमीटर. ते मे महिन्याचं पाणी. ४३१ − २० = ४११. तफावत ६३ नाही, ८३.

सेक्रेटरी: मग गळती टाकीतून की पाइपमधून?

ए-२०४: आज रात्री पाहू. ११ वाजता पंप बंद, आणि नगरपालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्हही बंद. नुसत्या बॉलकॉकवर सोडलं तर तो थेंब थेंब भरत राहतो आणि गळती झाकली जाते. टेप झाकणाच्या एकाच कोपऱ्यातून सोडायची, एका सेंटिमीटरची चूक म्हणजे २४० लिटरची चूक.

*(दुसऱ्या दिवशी)*

बी-१०४: रात्री ११ ला ५२, पहाटे ५ ला ५४. दोनदा मोजलं.

ए-२०४: २ सेंमी, ४८० लिटर, सहा तासांत. दिवसाला १,९२०, महिन्याला साधारण ५८ घनमीटर टाकीतूनच झिरपतंय. ८३ − ५८ = २५ उरले. बाग, जिने, गच्चीच्या टाकीचा ओव्हरफ्लो त्यात आलं. शिवाय गळका फ्लश. एवढ्या बारीक धारेवर फ्लॅटचा मीटर फिरतच नाही.

खजिनदार: नोटीस उतरवली. ४८४ ची नवी लावतो.

बी-३०१ काकू: १ जूनला सकाळी ७ वाजता बी विंगची रिडिंग मी घेते. ए विंगची कोण घेणार?

ए-४०३: मी घेतो. आणि बादलीनेच धुतो.