सातबारा नसलेल्या घराचा माग कुठल्या दप्तरात लागतो?

माणदेशी नात:
माझे पणजोबा राणू माण तालुक्यातून मुंबईला आले आणि डिलाईल रोडला एका गिरणीत बदलीवर लागले. जमीन कधीच नव्हती. गावठाणाच्या कडेचं घरही पडलं. आजी सांगायची तेवढीच वंशावळ: राणूचे आईबाप "तापाच्या साथीत आठवड्यात गेले" आणि धाकटा भाऊ मुंबईत हरवला, तो पुढे डोंगरीच्या "पोरांच्या जेलात" सापडला. गाव कुठलं, यावरही घरात दोन तट आहेत.

जातपडताळणीसाठी नकोय, दाखला आहे माझ्याकडे. (आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर एजंटांचे निरोप सुरू होतात.) ही माणसं कुठल्या कागदावर आहेत का, एवढंच बघायचंय. इंग्लंडातले लोक 1881 च्या जनगणनेत खापरपणजोबा पत्त्यासकट शोधून काढतात. जनगणना आपल्याकडेही 1881 पासून दर दहा वर्षांनी होत होती, मग 1921 ची आमच्या गावाची पानं कुठे मिळतील?

दप्तरखाना:
ताई, ती आशा सोडा. आपल्याकडे घरोघरची माहिती आकडे काढण्यापुरती होती, मागे राहिले ते छापील तक्ते. आणि 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 आहेच, वैयक्तिक नोंदी कुणाला बघू देत नाहीत. 1951 ची जिल्हा पुस्तिका मात्र उघडा. तालुकावार गावांची यादी असते. तुमच्या दोन नावांपैकी माणात कुठलं आहे, ते तिथे दिसेल.

खरा कागद गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर. लोक कोतवाल बुक म्हणतात. सातबाऱ्यावर चढायला जमीन लागते, यात चढायला नुसतं मरावं लागतं. नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, ताप अशी ठरलेली दुखणी. आजी म्हणतात ती साथ बहुतेक 1918 च्या इन्फ्लुएन्झाची. त्याची मोठी लाट पावसाळा सरताना आली, म्हणून त्या वर्षाचे शेवटचे चार महिने आधी मागा. अर्ज तहसीलच्या अभिलेख कक्षात. पानं मोडीत असतील. आडनावावर भिस्त ठेवू नका, "सखा वल्द अमका" एवढंच लिहिलेलं सापडतं.

कुणबी नोंदी शोधताना काही जिल्ह्यांनी हीच रजिस्टरं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली आहेत. तुम्ही कुणबी नसलात तरी चाळा, त्याच पानावर शेजारच्या ओळीत दुसरीही माणसं असतात.

निवृत्त मास्तर:
राणूची मुलं मुंबईत शाळेत गेली का? गेली असतील तर जनरल रजिस्टरमध्ये जन्मठिकाणाचा रकाना असतो. थोरलं मूल गावी जन्मलेलं असेल तर गावाचा तंटाच मिटला. शाळा सोडल्याचं कारणही बघा. आमच्याकडे "गावी गेला" आणि "सतत गैरहजर" या दोनच शेऱ्यांवर पानंच्या पानं भरायची. गरिबाच्या पोराची हकिगत तेवढ्यात उरकलेली असते.

उमरखाडीवाला:
"पोरांचं जेल" म्हणणाऱ्यांचं फारसं चुकत नव्हतं, ती वास्तू आधी तुरुंगच होती. मुंबईचा मुलांसाठीचा कायदा 1924 चा, आणि डोंगरीचं ते मुलांचं गृह चालवणारी चिल्ड्रेन्स एड सोसायटी 1927 ची. त्या कायद्याची मर्यादा सोळा वर्षांची. आता हिशोब करा. भाऊ 1927 ला किंवा नंतर तिथे होता, तर जन्म 1911 च्या आधीचा नाही, म्हणजे साथीत तो फार तर सात वर्षांचा. त्याची जन्मनोंद शोधायची तर 1911 ते 1918 एवढीच वर्षं.

माणदेशी नात:
सात! आजी तर म्हणायची, तो चालत मुंबईला आला. बहुतेक राणूनंच नंतर आणला असेल. आजोबा म्युनिसिपल शाळेत चौथीपर्यंत होते आणि ते थोरले. आधी शाळेत जाते, मग तहसीलला. मास्तर, शाळा बंद होऊन दुसरीत मिसळली असेल तर रजिस्टर कुठे असतं?

निवृत्त मास्तर:
ज्या शाळेत मिसळली तिथे आधी विचारा, नाहीतर वॉर्डाच्या शिक्षण विभागात. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, आजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे वर्ष घालून.

दप्तरखाना:
आणि मोडी पान हाती लागलं तर फोटो इथे टाका. सरळ वरून काढा, फ्लॅश नको. वाचून देतो.